बाकी जैसे थे

बाजारात त्याला सगळे जैसेथे म्हणत. खरं नाव दुकानाच्या परवान्यावर असेल, पण परवाना वाचायला कोण बसलंय. कॉम्प्युटर बंद पडला की त्या गल्लीतले बाकीचे दुकानदार नुसता पंखा फिरतोय का बघायचे आणि सांगून मोकळे व्हायचे, "फॉरमॅट मारायला लागेल. सिस्टीम नव्यानं टाकू." म्हणजे तुमचं आत जे होतं नव्हतं त्यावर पाणी सोडा आणि घरी जा. हा गृहस्थ मात्र चष्मा कपाळावर सरकवायचा, पेटी उघडून नाकानं वास घ्यायचा आणि म्हणायचा, "बघतो. जैसे थे करून देतो." आणि खरंच द्यायचा. पडद्यावरच्या चित्रांची जागासुद्धा हललेली नसायची. काही गिऱ्हाइकांना तर शंका यायची, मग यानं केलं काय इतके दिवस?

मदरबोर्ड बदलणं हे त्याचं खास काम. मदरबोर्ड म्हणजे पेटीतली ती मोठी पाटी, जिच्यावर बाकीचे सगळे भाग बसतात. सिस्टीम राहते डिस्कवर, पण तिला त्या एका पाटीची सवय झालेली असते. पाटी बदलली की ती बिथरते, सुरूच होत नाही. दहातले नऊ जण तिथंच हात टेकतात आणि सगळं पुसून नवं टाकतात. हा टाकत नसे. जुन्याच सिस्टीमला चुचकारत, एकेक अडचण काढत नव्या पाटीवर नांदायला लावायचा. मग पेटीचं बाजूचं झाकण बसवण्याआधी त्याच्या आतल्या अंगावर पेन्सिलीनं तारीख टाकायचा आणि लिहायचा: मदरबोर्ड बदलला. बाकी जैसे थे. झाकणाच्या आत कोण बघणार होतं? पण ती शिस्त त्याला ताईनं लावली होती, आणि ताईनं लावलेली शिस्त मोडायची त्याची छाती नव्हती.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण, सहा वर्षांनी मोठी. छापखान्यात तीस वर्षं प्रुफं तपासायचं काम केलेली. डोळे असे की बंद पुस्तकातसुद्धा चूक दिसावी. ओळ एकदा वाचून सोडायची नाही, दोनदा वाचायची, दुसऱ्यांदा शेवटाकडून. भावाच्या दुकानावर पाटी लागली त्या दिवशी ती पेढा तोंडात टाकायच्या आधी म्हणाली होती, "दुरुस्तीतला रु ऱ्हस्व असतो. तू दीर्घ काढलायस. दुरुस्तीच दुरुस्त करायला झाली की रे." त्यानं म्हटलं, बदलू बोर्ड. त्याला वीस वर्षं झाली. "लोकांचे बोर्ड बदलतोस, स्वतःचा कधी बदलणार?" हा तिचा दर भेटीतला टोमणा होता.

मग तिचा उजवा हात जड झाला. मग डावा. मग पाय, मग जीभ. डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं आणि औषध नाही हेही सांगितलं. हात पुरते जायच्या आत जैसेथेनं एक जुनी पेटी आणली, ती तिच्या खोलीत पलंगाशेजारच्या टेबलावर जुळवली आणि त्यात एका निवृत्त प्राध्यापकांनी लिहिलेला प्रोग्रॅम टाकून घेतला. गालाखाली एक बटण. पडद्यावर चार शब्दांची यादी आणि पाचव्या ओळीत 'अक्षरं'. एक पिवळी पट्टी वरून खाली सरकत राहते, हव्या त्या ओळीवर आली की गालानं बटण दाबायचं. आणि तो प्रोग्रॅम शिकायचा. ताई जे शब्द जास्त वापरेल ते वर आणायचा. सात वर्षांत तो इतका तिचा झाला की तिनं दोनदा गाल हलवला की अख्खं वाक्य उभं राहायचं, आणि तेही तिखट. तिची जीभ गेली होती, पण तिचं बोलणं त्या पेटीत शाबूत होतं. प्राध्यापक पुढं वारले. प्रोग्रॅमची मूळ प्रत त्यांच्याबरोबरच गेली. राहिला तो एवढाच, त्या एका डिस्कवर, त्या एका सिस्टीममध्ये.

या वर्षी ताईचा श्वास कमी पडायला लागला. डॉक्टरीणबाई घरी आल्या, स्टूल ओढून ताईच्या डोळ्यांसमोर बसल्या आणि काही न लपवता बोलल्या. पुढं श्वास पुरणार नाही. गळ्याला छेद देऊन नळी बसवता येईल, मग यंत्र श्वास देईल, कदाचित बरीच वर्षं. किंवा नळी न बसवता, त्रास होऊ न देता, जे होईल ते होऊ द्यायचं. "ऐनवेळी विचारायला सवड मिळणार नाही," त्या म्हणाल्या. "मला तुमचा शब्द हवा. नवऱ्याचा नको, भावाचा नको. दोन आठवड्यांनी, शनिवारी येते."

ताईनं चार दिवस विचार केला. गुरुवारी सकाळी तिनं लिहायला घेतलं. भावोजी, म्हणजे तिचा नवरा, उशाशी बसून पडद्यावर बघत होते. मला. पट्टी सरकली. ती. पुन्हा पट्टी. नळी. आणि आपल्या भाषेची गंमत बघा, सगळा जीव शेवटच्या शब्दात. मला ती नळी, इथवर येऊनही काही कळत नाही. पट्टी पुन्हा वर आली, ताईचा गाल हलणार एवढ्यात पेटीत चर्र झालं, जळका वास आला आणि पडदा काळा पडला.

तासाभरात जैसेथे तिथं होता. पेटी पुढं ओढून आत वाकला, वास घेतला. मदरबोर्ड गेला होता. वीज साठवणारे इवले डबे, कंडेन्सर, फुगलेले, शेजारी काळा डाग. डिस्क मात्र धडधाकट. त्यानं आधी डिस्कची दुसऱ्या डिस्कवर कॉपी केली, दोनदा ताडून पाहिली, मग ताईसमोर उभा राहून नेहमीसारखं म्हणाला, "बघतो ताई. जैसे थे करून देतो." ताईनं त्याच्याकडे पाहिलं.

आता तुम्ही म्हणाल, एवढा आटापिटा कशाला, डोळ्यांनी हो-नाही विचारायचं की. विचारलं ना. एकदा पापणी मिटली तर हो, दोनदा मिटली तर नाही, हे घरात चालतच होतं, पाणी, पांघरूण, दिवा, एवढ्यापुरतं. पण मागच्याच महिन्यात थकून मिटलेल्या पापणीला भावोजींनी 'हो' समजून खिडकी लावून घेतली होती आणि ताई दोन तास घामानं निथळत पडली होती. त्यामुळे भावोजींनी जेव्हा नळीचं विचारलं तेव्हा तिनं डोळे मिटलेच नाहीत. ताणून उघडे धरले, पाणी वाहायला लागलं तरी. दोन कागदांवर दोन शब्द लिहून समोर धरले, तर नजर छताला लावली. दुसऱ्यानं धरलेला कागद आणि दुसऱ्यानं लावलेला अर्थ, यावर ती जीव टाकायला तयार नव्हती. तिनं जन्मभर एकच गोष्ट मानली होती, जे तिच्या हातून तपासून छापलं गेलं तेच खरं.

तेव्हा पेटी सुरू झाली पाहिजे होती. पुढच्या शनिवारच्या आत. आणि आतला एक कानामात्रा न हलता.

तसाच बोर्ड मिळता तर काम अर्ध्या दिवसाचं होतं. पण सात वर्षांपूर्वीच जुनी असलेली ती पेटी, तिचा बोर्ड आता कुठं मिळायचा? जैसेथेनं दुकानाला कुलूप लावलं आणि शुक्रवार ते सोमवार जुन्या मालाच्या बाजारात एकेका गाळ्याचा उंबरा झिजवला. ढिगात हात घालून बोर्ड काढायचा, पुसायचा, नंबर वाचायचा, परत टाकायचा. बोटं काळी, नखांत चिरा. लोक म्हणाले, "अहो, नवा कॉम्प्युटर घ्या आणि सुटा." तो कुणाशी वाद घालत बसला नाही, आणि हे त्याच्या स्वभावाला धरून नव्हतं. मंगळवारी सकाळी एका गाळ्यात त्याच काळातला, पण दुसऱ्या बनावटीचा बोर्ड मिळाला. गाळेवाला म्हणाला, "मेलेला आणलायस ना? तो टाक इथं, हा घेऊन जा." बाजाराची रीतच ती, मेलेला बोर्ड बदल्यात द्यायचा. जैसेथेनं शेकडो वेळा दिला होता. घाईत तोही दिला आणि धावत ताईच्या घरी आला.

बोर्ड बसवला, तारा जोडल्या, बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा उजळला, आणि लगेच निळा झाला. पांढऱ्या अक्षरांत काहीबाही, आणि पेटी आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू. पुन्हा निळा. पुन्हा. भावोजी दारातून बघत होते. ते निवृत्त टपालवाले, पत्र पोचलं की नाही एवढंच त्यांना कळायचं. "पोचलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही हो भावोजी. वाटेतच आहे."

मंगळवार गेला, बुधवारचीही रात्र झाली. बोर्ड आणि डिस्क यांची आपापसात बोलायची एक जुनी पद्धत असते आणि एक नवी. जैसेथेला हे माहीत नव्हतं असं नाही, शाळकरी पोराला बे एके बे येतात तसं त्याला ते येत होतं. पण जिवावर बेतलं की माणूस बे एके बेही विसरतो. दीड दिवस तो भलतीकडेच शोधत राहिला, पंधरा वेळा सगळं सोडून पुन्हा जोडलं, एकदा तर स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला डोकं टेकवून उभा राहिला आणि स्वतःला शिव्या घातल्या. मग आठवलं. बोर्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन नवी पद्धत काढली, जुनी लावली. पेटी सुरू झाली. तेच निळसर डोंगराचं चित्र, त्याच जागी तीच चित्रं. तो पलंगाच्या कडेवर बसला. ताई पडद्याकडे डोळे लावून होती.

त्यानं प्रोग्रॅम उघडला. पडद्यावर एक चौकट आली. प्राध्यापक मोठे सभ्य गृहस्थ होते. चौकटीत लिहिलं होतं: माफ करा, आपली ओळख नाही.

प्रोग्रॅम कुणी उचलून दुसरीकडे नेऊ नये म्हणून त्यांनी तो त्या पेटीच्या नेटवर्कच्या चिपेशी बांधला होता. प्रत्येक चिपेला बारा अक्षरांचा एक नंबर असतो. चिप बोर्डावर, आणि बोर्ड बदललेला. यावर इलाज होता, नव्या चिपेला जुना नंबर सांगायला लावता येतं, पाच मिनिटांचं काम. पण जुना नंबर हवा. आणि तो होता जुन्या बोर्डावर चिकटवलेल्या एका इवल्याशा कागदावर. आणि जुना बोर्ड? तो स्वतःच्या हातानं देऊन आला होता. वीस वर्षं लोकांना सांगत आला, काम पुरं होईस्तोवर जुनं काही टाकू नका, आणि स्वतःच्या बहिणीच्या वेळी पहिलं काम तेच केलं.

गुरुवारी सकाळी गाळा उघडायच्या आधी तो शटरसमोर उभा होता. गाळेवाला आला, ऐकून घेतलं आणि मान हलवली. "काल संध्याकाळीच गाडी भरून गेली रे. आता त्याचा भुगा झाला असेल."

तो तसाच ताईच्या घरी आला. खोलीत शिरून ताईकडे न बघता भावोजींना म्हणाला, "नंबर गेला. माझ्या हातानं घालवला. आता काही होत नाही." आणि पंचावन्न वर्षांचा तो माणूस बहिणीच्या खोलीत हमसून हमसून रडला. भावोजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

तेवढ्यात ताईचा घसा वाजला. लक्ष वेधायचं असलं की ती असा आवाज काढायची. दोघांनी बघितलं तर तिची नजर कोपऱ्यातल्या कपाटावर. भावोजींनी कपाट उघडलं. शाल? नाही. औषध? नाही. नजर कपाटावरच, नाही, कपाटाच्या कडेला. भावोजींनी एकेक वस्तू काढून दाखवली, गरम पाण्याची पिशवी, जुने अहवाल, तिचा प्रुफं तपासायचा चष्मा. ताईचे डोळे चिडले. तिचे चिडलेले डोळे जैसेथेला लहानपणापासून ठाऊक होते. त्यानं डोळे पुसले, कपाट धरलं आणि भिंतीपासून ओढलं.

मागं पेटीचं झाकण उभं होतं. आत फार तापतं म्हणून चार वर्षांपूर्वी त्यानंच काढून मागं सरकवून दिलेलं, आणि साफ विसरलेलं. धूळ पुसली. आतल्या अंगावर पेन्सिलीचं अक्षर होतं, प्रुफाच्या समासात असतं तसं बारीक, पण ओळ खाली घसरत गेलेली. पेटी जुळवली त्या दिवशी तो एकेक नंबर वाचत होता आणि ताई डाव्या हातानं उजवा हात धरून लिहीत होती. ते तिनं शेवटचं लिहिलेलं. डिस्कचा नंबर, मेमरीचा नंबर, आणि तिसऱ्या ओळीत नेटवर्कच्या चिपेची बारा अक्षरं. पुढं तिनं मारलेल्या दोन बारीक खुणा. म्हणजे दोनदा वाचलं.

त्यानं तो नंबर नव्या चिपेला सांगितला. सरळ वाचला, मग शेवटाकडून वाचला. प्रोग्रॅम उघडला. चौकट आली नाही. पडद्यावर, गेल्या गुरुवारी राहिलं होतं तिथंच, उभं होतं: मला ती नळी

पण आठ दिवसांत गाल आणखी मंदावला होता. बटण जिथं होतं तिथं ताईचा गाल पोचेना. तीनदा तिनं ओठाची कड ओढली, तीनदा पट्टी तशीच पुढं गेली. तिच्या कपाळावर घाम आला, श्वास वाजायला लागला. "आज राहू दे," भावोजी म्हणाले. "उद्या सकाळी, ताजी असताना." जैसेथेनं बटण वाकवून आणखी जवळ आणलं, त्यातली स्प्रिंग बदलून हलकी घातली आणि तो रात्री तिथंच झोपला.

शुक्रवारी सकाळी भावोजी आणि रोज येणारी परिचारिका ताईला अंघोळ घालत होते. पेटी जैसेथेपाशी होती. एकदा सगळं नीट तपासू, म्हणून त्यानं शब्दांची फाइल उघडली. प्रत्येक शब्द आणि तो किती वेळा वापरला त्याचा आकडा. सगळ्यात वर नको, चार हजार एकशे बारा. मग हो. मग बस. मग खिडकी. हवी कुठं आहे? तो खाली गेला, आणखी खाली गेला. हवी, सत्तावीस. सात वर्षांत ताईनं सत्तावीस वेळा काहीतरी मागितलं होतं.

तो त्या आकड्याकडे बघत राहिला. मग त्याच्या डोक्यात आलं, हा कुठला न्याय? नको म्हणायला तिला एकदा गाल हलवायचा, हवी म्हणायला 'अक्षरं'मध्ये जाऊन चारदा. एवढं बळ तिच्यात आहे कुठं? हवं असलं तरी कंटाळून नको म्हणून मोकळी होईल. आपण फक्त सारखं करतोय. असं म्हणत त्यानं हवीपुढचा आकडा पाच हजार केला. हवी वर आली, नकोच्या शेजारी. इथं थांबला असता तर निदान बोलायला तोंड राहिलं असतं. पण पलीकडून ताईच्या श्वासाची घरघर ऐकू येत होती, आणि ताई नाही असं घर त्याला क्षणभर दिसलं. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. त्याचे केस विंचरायला, त्याला शाळेत पोचवायला, त्याच्या वहीतल्या चुका काढायला ताईच होती. त्यानं नकोपुढचे चार हजार एकशे खोडले. राहिले बारा. नको यादीतून खाली गेली, दिसेनाशी झाली. फाइल बंद केली. हजारो पेट्यांत त्यानं कुणाचं एक अक्षर हलवलं नव्हतं.

ताईला उशांवर बसवलं, बटण गालाशी लावलं. पडदा सुरू झाला. मला ती नळी. खाली यादी: हवी, हो, बस, खिडकी, अक्षरं. पट्टी हवीवर उभी राहिली. दाब ताई, जैसेथे मनात म्हणाला, दाब.

ताईनं दाबलं नाही. पट्टी खाली गेली, वर आली, खाली गेली. ताई यादी वाचत होती. मग तिनं यादी शेवटाकडून वाचली असावी, कारण डोळे खालून वर गेले. आणि मग ते पडद्यावरून निघाले आणि भावावर येऊन थांबले. बराच वेळ थांबले. जैसेथेनं खाली बघितलं.

पट्टी पाचव्या ओळीवर आली तेव्हा गाल हलला. अक्षरं. मग कितीतरी वेळ काहीच नाही, नुसता श्वास. मग ज. यादी बदलली. पट्टी सरकली, ताईचा गाल हलला, चुकला, पुन्हा हलला. भावोजींनी पडदा मोठ्यानं वाचला.

"मला ती नळी जैसे थे." त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. "नळी जैसे थे? म्हणजे काय गं? आहे तसंच राहू दे म्हणतेस का? काही कळत नाही."

"ते तुम्हाला नाही, भावोजी," जैसेथे म्हणाला. "मला आहे."

तो उठला, डिस्कच्या कॉपीवरून मूळ फाइल काढली, पेटीत परत ठेवली. नको, चार हजार एकशे बारा. हवी, सत्तावीस. दोनदा वाचलं. ताईनं लिहिलेले शेवटचे दोन शब्द पुसले. यादी आली: नको, हो, बस, खिडकी, अक्षरं. "बघ ताई," तो म्हणाला. "होतं तसं."

पट्टी नकोवर उभी राहिली. ताईनं ती जाऊ दिली. हो, बस, खिडकी. पट्टी अक्षरांवर आली आणि जैसेथेला वेडी आशा वाटली, आता ती आत जाईल, ह काढेल. ताईनं तीही जाऊ दिली. चूक झाली, घाईत दाबलं गेलं, असं उद्या कुणी म्हणायला नको म्हणून ती ओळ दुसऱ्यांदा वाचत होती. पट्टी पुन्हा वर आली. ताईचा गाल हलला.

मला ती नळी नको

भावोजींनी तोंडावर हात ठेवला. जैसेथे उठायला गेला तर ताईचा घसा वाजला. थांब. अजून व्हायचं होतं. ती पुन्हा अक्षरांत शिरली. ओळीमागून ओळ जाऊ देत, चुकत, थांबत, दम घेत शेवटच्या ओळीतल्या चिन्हांपर्यंत गेली. त्याला बारा मिनिटं लागली. मग नकोच्या पुढं एक टिंब उमटलं. ताईनं पूर्णविराम दिला होता.

भावोजी कुणी न सांगता उठले आणि त्यांनी खिडकी उघडली. मग वाक्याची प्रत काढली, डॉक्टरीणबाईंसाठी पाकिटात घातली आणि पाकिटावर टपालातल्या सवयीनं तारीख टाकली.

जैसेथे झाकण मांडीवर घेऊन जमिनीवर बसला. ताईच्या घसरत्या ओळींखाली जागा होती. त्यानं तारीख घातली, मदरबोर्ड बदलला असं लिहिलं आणि पेन्सिल थांबली. वर बघितलं. ताई उशीवरून त्याच्याकडेच बघत होती. मग त्यानं पुढचे तीन शब्द लिहिले. अक्षर वाकडं आलं, पण लिहिलं, कारण ते आता खरं होतं आणि ती वाचणार होती.